वादळाआधी निघालेल्या मुलांचं तिकीट

माननीय श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,



खात्याला पत्र पाठवायचं तर ते इंग्रजीत आणि ठरलेल्या नमुन्यात पाठवावं लागतं, हे मला माहीत आहे. तसं एक पत्र आम्ही धाडलं होतं. त्याची पोच आली, क्रमांक आला, आणि तो क्रमांक माझ्या बहिणीच्या वहीत अजून आहे. हे दुसरं पत्र मराठीत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. आपण पुण्याचे, महापौर असताना कोविडच्या दिवसांत शहरातली वसतिगृहं रिकामी होताना आपण जवळून पाहिली असतील. परगावी शिकणारं पोर अडचणीच्या वेळी घरी कसं पोचतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून थेट विषयावर येते.

चक्रीवादळ येणार म्हणून सरकार सांगतं, जागा सोडा. कॉलेज सांगतं, ज्यांना जमेल त्यांनी घरी जा. पोर सांगितल्याप्रमाणे निघतं. आणि विमान कंपनीच्या दप्तरी ते पोर स्वतःच्या मर्जीने प्रवास रद्द करणारा प्रवासी म्हणून नोंदलं जातं. वादळ त्या नोंदीत कुठेच नसतं.

ऑक्टोबर २०२४ मधलं ‘दाना’ आपल्याला आठवत असेल. बंगालच्या उपसागरात तयार झालेलं हे वादळ २४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर ओडिशात भितरकनिका आणि धामरा यांच्यामध्ये जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. त्याआधीच ओडिशा सरकारने पाच लाखांहून जास्त माणसं किनाऱ्यावरून हलवली होती. चौदा जिल्ह्यांतल्या शाळा २३ ते २५ बंद होत्या. दीडशेहून अधिक रेल्वेगाड्या रद्द झाल्या. भुवनेश्वरचा विमानतळ २४ च्या संध्याकाळी पाचपासून २५ च्या सकाळी नऊपर्यंत बंद राहिला, कोलकात्याचाही जवळपास तितकाच वेळ. माणसं आधी हलली, म्हणून जीव वाचले. त्याबद्दल ओडिशाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

माझी भाची तेव्हा भुवनेश्वरमध्ये शिकत होती. तिचं घर कल्याण पश्चिमेला, माझं डोंबिवली पूर्वेला. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला आली होती, म्हणून तिच्या बाबांनी पावसाळ्यातच जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट काढून ठेवलं होतं. २७ ला यायचं, नरकचतुर्दशीच्या पहाटे मैत्रिणींबरोबर डोंबिवलीच्या फडके रोडवर जायचं, भाऊबीज झाली की परत. दिवाळीच्या तोंडावर भाडी काय होतात ते आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. लवकर तिकीट काढणं हा आमच्यासारख्यांचा त्यावरचा एकमेव इलाज.

दानाची बातमी आली आणि वसतिगृहात सूचना लागली: ज्या विद्यार्थ्यांना घरी जाणं शक्य आहे त्यांनी २३ पर्यंत निघावं, जे राहतील त्यांनी पाणी, मेणबत्त्या, चार्ज केलेली पॉवर बँक जवळ ठेवावी. तिने मला फोन केला. आईबाबांना घाबरवायचं नसलं की ती मावशीला फोन करते. “मावशी, वॉर्डन निघा म्हणतायत. पण माझं तिकीट सत्तावीसचं आहे.”

तारीख बदलायला गेलो तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून आकडा नव्या तिकिटाच्या आसपास पोचला. शेवटी दुसऱ्याच कंपनीचं, हैदराबादमार्गे येणारं तिकीट काढलं. मध्यरात्री ती मुंबईत उतरली. तिथून कल्याणला यायला टॅक्सीवाले कसे मान फिरवतात ती वेगळी कथा. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, कल्याण-शीळ रस्त्याने तो आम्हाला जवळ पडतो, म्हणून ती कथा इथे लावत नाही. पोर घरी आलं. तिच्या आईने दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा मूळ तिकिटामागे लागले.

कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलीचं म्हणणं साधं होतं. २७ तारखेचं विमान ठरल्या वेळी उडणार आहे. विमान आम्ही रद्द केलेलं नाही. प्रवासी येत नसेल तर तो प्रवाशाचा निर्णय. रद्द करण्याचं शुल्क वजा करून जे उरेल ते मिळेल. उरत होतं ते नावालाच होतं. बरं, जाणं राहू दे, परतीचं तरी वापरू, असं तिचे बाबा म्हणाले. त्यावर कळलं की एकाच तिकिटातला पहिला टप्पा वापरला नाही तर पुढचा टप्पा आपोआप बाद होतो. म्हणजे भाऊबीजेनंतर त्याच विमानाने, त्याच आसनावर जायला ती तयार होती, पैसे भरलेले होते, तरी तिला बसू देणार नव्हते, कारण आठवडाभर आधी ती भुवनेश्वरहून त्या कंपनीच्या विमानाने निघाली नव्हती. सुट्टी संपताना सगळे परततात, तेव्हा भाडी पुन्हा चढलेली होती. तिसरं तिकीट त्या भाड्याने काढलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. ग्राहक सेवेतली मुलगी समोरच्या पडद्यावर लिहिलेलं वाचत होती आणि जे लिहिलं होतं ते नियमाला धरूनच होतं. माझं भांडण नियमाशी आहे.

कुणी म्हणेल, दानाने भुवनेश्वरचं फार काही बिघडवलं नाही. मुलगी तिथेच थांबली असती तर काय झालं असतं? २५ च्या सकाळी हे बोलणं सोपं आहे, २२ च्या संध्याकाळी वॉर्डनला ते कसं कळावं? त्या शहराच्या आठवणीत ३ मे २०१९ चं ‘फनी’ आहे. तेव्हा जवळजवळ १२ लाख लोक हलवले गेले. भुवनेश्वर शहरात झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, अनेक भागांत आठवड्याहून जास्त काळ वीज नव्हती, आणि वीज नाही म्हणजे वसतिगृहाच्या टाकीत पाणीही नाही. त्या आठवड्यात देशभर झालेली वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ओडिशात पुढे ढकलावी लागली. आणि त्याच्याही मागे १९९९ चं महाचक्रीवादळ आहे, ज्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. फनीमध्ये ओडिशातल्या मृतांचा आकडा ६४ होता. दहा हजारांवरून चौसष्टवर आपण आलो ते ‘आधी निघा’ या दोन शब्दांच्या जोरावर. हवामान खात्याचे अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, आणि लोक सांगितल्यावर हलू लागले. मग या साखळीत विमान वाहतुकीचा नियम कुठे बसतो?

तो नियम मी वाचला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमावलीत सेक्शन ३, सिरीज एम, त्यातला पार्ट ४ हा विमान रद्द होणं, उशीर होणं, आसन नाकारलं जाणं याबद्दलचा. विमान कंपनीने विमान रद्द केलं तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, आणि ठरावीक परिस्थितीत नुकसानभरपाई. वादळासारखी कारणं असतील तर भरपाई नाही, पण परतावा किंवा पर्याय मात्र द्यावाच लागतो. हे योग्यच आहे. वादळासाठी विमान कंपनीला कोण दंड करणार? पार्ट २ परताव्याचा. त्यात एक चांगली गोष्ट आहे जी बऱ्याच प्रवाशांना माहीत नसते: परतावा न मिळणाऱ्या स्वस्त तिकिटावरसुद्धा कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात. आमचं जे थोडंफार उरलं ते बहुधा तेच.

पण दोन्ही भागांत सगळं एका प्रश्नावर फिरतं: रद्द कोणी केलं? कंपनीने केलं तर प्रवासी निर्दोष. प्रवाशाने केलं तर प्रवाशाचा खिसा. सरकारने हलायला सांगितलं म्हणून प्रवासी हलला, हा तिसरा पर्याय नियमात नाहीच. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. २४ ची संध्याकाळ होईपर्यंत भुवनेश्वरमध्ये बसून राहणारा, २४ च्या रात्रीचं तिकीट असलेला प्रवासी पूर्ण पैसे परत मिळवतो, कारण विमानतळच बंद झाला. सूचना ऐकून २३ ला निघालेली मुलगी दंड भरते. जो जितक्या लवकर ऐकेल त्याला तितका भुर्दंड, असा हा हिशेब आहे. जिल्हाधिकाऱ्यांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळे ‘वेळेत निघा’ म्हणत असताना आपल्या खात्याचा नियम ‘थोडं थांबा, विमान रद्द होऊ द्या’ असं सांगतो.

रेल्वेकडे पाहा. रेल्वेबद्दल आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या लोकांचं मत रोज सकाळी आठ-सोळाच्या लोकलमध्ये तयार होतं आणि ते छापण्याजोगं नसतं. तरीही या बाबतीत रेल्वे शहाणी आहे. विद्यार्थी सुट्टीत घरी जातो, हे तिला फार पूर्वीपासून माहीत आहे. प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म घेऊन खिडकीवर गेलं की घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याला शयनयान आणि द्वितीय श्रेणीत निम्म्या भाड्याची सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पंचाहत्तर टक्के. गाडी रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे न मागता खात्यात येतात. २०१९ पासून दोन गाड्यांची तिकिटं एकमेकांना जोडता येतात. पहिली उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या गाडीच्या भाड्यातून कापून घेत नाहीत. फनीच्या आदल्या दिवशी पुरीतले पर्यटक बाहेर काढायला रेल्वेने खास गाड्या सोडल्या होत्या.

आणि आमच्या दारातलं उदाहरण. २७ जुलै २०१९, महालक्ष्मी एक्सप्रेस. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात गाडी अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी हजारावर प्रवासी बोटींतून काढले. त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावरही विमानं रद्द होत होती. अडकलेल्या प्रवाशांना बदलापुरात खायला घातलं, आणि पुढे कल्याणहून मनमाड-दौंडमार्गे कोल्हापूरला खास गाडी काढली. माझ्या ओळखीचे काही लोक तेव्हा कल्याण स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले होते. त्यांना जे आठवतं ते असं: तुम्ही पहिल्या तिकिटाचा कुठला टप्पा वापरलात आणि कुठला नाही, असं कुणी विचारत नव्हतं. घर कोल्हापूरला आहे ना, चला, बसा.

मग मुलं रेल्वेनेच का येत नाहीत? कोणार्क एक्सप्रेस कल्याणला थांबते. भुवनेश्वरहून मुंबईला यायला तिला दीड दिवसाहून जास्त लागतो. भाची पहिल्या वर्षी तिनेच येत-जात असे. पुढे सुट्ट्या लहान झाल्या, परीक्षांच्या तारखा सुट्टीला चिकटून आल्या, आणि विमान ही चैन राहिली नाही. डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या सोसायट्यांमधून मुलं भुवनेश्वरला, चेन्नई-वेल्लोरला, विशाखापट्टणमला शिकायला जातात, म्हणजे सगळी वादळांच्या टापूत. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचौंग’ने चेन्नईचा विमानतळ बंद पाडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फेंगल’ने पुन्हा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मोंथा’ आलं आणि विशाखापट्टणमची विमानं रद्द झाली. उलट बाजूनेही तेच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या खाली आलं आणि १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईच्या समुद्रातून गेलं, तेव्हा मुंबईचा विमानतळ तासन्‌तास बंद होता. तेव्हा कोविड होता, म्हणून कॉलेजं रिकामी होती. पुढच्या वेळी नसतील.

अमेरिकेचं उदाहरण द्यायला मला फारसं आवडत नाही, पण आमच्याकडच्या दर तिसऱ्या इमारतीतलं कुणीतरी तिकडे एमएस करतं आहे, तेव्हा देते. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘अर्मा’ वादळ फ्लोरिडावर चालून आलं. सुमारे ६५ लाख लोकांना बाहेर पडायला सांगितलं गेलं. विमानाची भाडी भडकल्याची ओरड झाली, आणि एका कंपनीने फ्लोरिडातून निघणाऱ्या विमानांचं भाडं ९९ ते १५९ डॉलरच्या आत बांधून टाकलं. मागोमाग इतर मोठ्या कंपन्यांनीही कमाल आकडे जाहीर केले. कुठलाही कायदा त्यांना तसं करायला सांगत नव्हता. लाज होती आणि वर्तमानपत्रं होती. भाड्याहून महत्त्वाची त्यांची दुसरी पद्धत. वादळ येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच कंपन्या विमानतळांची यादी आणि तारखा जाहीर करतात: या विमानतळांवरून या तारखांना तिकीट असेल, तर तारीख फुकट बदला. विमान उडणार की नाही हे त्यात विचारतच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दानाच्या पंधरा दिवस आधी, ‘मिल्टन’मुळे टँपाचा विमानतळ बंद झाला, तेव्हाही हेच झालं आणि तिथल्या वाहतूक खात्याने भाड्यांवर लक्ष असल्याचं जाहीरपणे बजावलं. परतीचा टप्पा बाद होण्याचा काच मात्र तिकडेही आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही.

आपल्याकडे अशी सवलत कधीच मिळत नाही असंही नाही. फनीच्या वेळी आपल्या खात्याचे मंत्री कोकणातले सुरेश प्रभू होते. त्यांनी विमान कंपन्यांना मदतकार्यासाठी तयार राहायला सांगितलं, आणि अनेक कंपन्यांनी बदलाचं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ केलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. डोंबिवलीने त्यात आपली तीन माणसं गमावली; त्या दिवसांबद्दल इथे जास्त लिहवत नाही. तेव्हाही आपल्या खात्याने श्रीनगरच्या विमानांबद्दल कंपन्यांना सूचना दिल्या, भाडी आटोक्यात ठेवायला आणि शुल्क माफ करायला सांगितलं, आणि राज्य सरकारने अडकलेल्या पर्यटकांसाठी खास विमानं पाठवली. म्हणजे इच्छा असते, यंत्रणाही असते. फक्त दर वेळी नव्याने कुणीतरी मंत्री जागा व्हावा लागतो, कुणाला तरी ट्वीट करावं लागतं, आणि बातमी पुरेशी मोठी असावी लागते. दानाची बातमी तेवढी मोठी ठरली नसावी.

युद्ध झालं तर विद्यार्थ्यांना कसं आणायचं, हेही या देशाला येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मुलांना घेऊन ‘ऑपरेशन गंगा’चं पहिलं विमान बुखारेस्टहून आलं ते मुंबईतच. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, तेव्हा महाराष्ट्र सरकारने तिथल्या मराठी मुलांना विमानाने आणलं; मुख्यमंत्री तेव्हा आमच्या ठाण्याचेच होते. चक्रीवादळाला यातलं काहीच लागत नाही. खास विमान नको, मंत्र्यांनी विमानतळावर हार घालायला नको. नेहमीची विमानं उडतच असतात. फक्त त्यात चढण्याचा दंड नको.

भाड्यांबद्दल थोडं. कंपन्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. वादळाच्या आदल्या दिवशी भुवनेश्वरहून निघणारं विमान गच्च भरतं आणि तिकडे जाणारं रिकामं जातं. रिकाम्या विमानाचं इंधन कुणीतरी भरतंच. १९९४ पासून भाडं ठरवण्याचं स्वातंत्र्य कंपन्यांना आहे, आणि त्यामुळेच आमच्यासारखे लोक विमानात बसू लागले, हेही खरं. पण हे स्वातंत्र्य अडचणीत थांबवता येतं, हे आपल्याच खात्याने दोनदा दाखवलं. कोविडनंतर मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्याला खालची आणि वरची मर्यादा होती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, तेव्हा ६ तारखेला सरकारने अंतराप्रमाणे कमाल भाडी ठरवून दिली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारापर्यंत १२ हजार, दीड हजारापर्यंत १५ हजार, त्यापुढे १८ हजार. शिवाय रखडलेले सगळे परतावे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत द्या, असा हुकूम काढला. मुंबई-भुवनेश्वर हे अंतर हजार ते दीड हजारात बसतं. म्हणजे तक्ता तयार आहे. वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या गोंधळासाठी जो तक्ता एका दिवसात निघतो, तो वादळासाठी कपाटात का राहावा?

तरीही, भाड्याची मर्यादा आणि मूळ तिकिटाचे पैसे या दोन्हींतून एकच मागायला सांगितलंत, तर मी मर्यादा मागणार नाही. पहिल्या तिकिटाचे पैसे परत मिळत असतील तर दुसरं थोडं महाग पडलं तरी बाप सोसतो. आम्हाला टोचलं ते भाडं नव्हे, भरलेलं तिकीट हातात असताना ते बाद ठरणं.

म्हणून मागणी अशी आहे. हवामान खातं चक्रीवादळाबाबत टप्प्याटप्प्याने सूचना देतं. ४८ तास आधी सावधगिरीची, २४ तास आधी इशाऱ्याची. त्यातला ४८ तासांचा टप्पा आला आणि राज्य सरकारने लोक हलवायला किंवा शाळा-कॉलेजं बंद ठेवायला सुरुवात केली, की त्या भागातल्या विमानतळांना जोडलेलं, पुढच्या दहा दिवसांतलं कुठलंही तिकीट आपोआप सवलतीत यावं. तारीख फुकट बदलता यावी किंवा पूर्ण पैसे परत मिळावेत. विमान उडणार आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसावा. जाण्या-येण्याच्या एकत्र तिकिटातला जाण्याचा टप्पा त्या मुदतीत वापरला गेला नसेल, तर परतीचा टप्पा बाद होऊ नये. हे शेवटचं वाक्य नियमात घातलं आणि बाकी काहीच झालं नाही, तरी निम्मं काम झालं असं मी समजेन. त्यासाठी कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. जे आसन विकलं गेलं आहे ते विकत घेणाऱ्याला द्यायचं, इतकंच.

विद्यार्थी वेगळे का काढायचे, असं खात्यातले अधिकारी विचारतील. वेगळे काढू नका. नियम सगळ्यांना लावा. पण सुरुवात कुठून करायची असेल तर विद्यार्थ्यांपासून करणं सोपं आहे, कारण त्यांची ओळख तिकिटावर आधीच असते. काही कंपन्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं ठेवतात, जास्तीच्या दहा किलो सामानाची सोय देतात, ओळखपत्र तपासतात. सामानासाठी तो विद्यार्थी आहे हे ज्या संगणकाला कळतं, त्याला वादळातही ते कळू शकतं. गैरफायदा घेतला जाईल ही भीती असेल तर कॉलेजची बंदची सूचना जोडायला सांगा. अशी सूचना तारखेसह निघते, आणि पोरांच्या फोनमध्ये ती हमखास असते.

विमा काढा, असंही सुचवलं जाईल. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेला प्रवास विमा त्याच वादळासाठी सहसा चालत नाही, आणि तीन महिने आधी दिवाळीचं तिकीट काढताना वादळाचा विमा काढावा हे कल्याणच्या कुठल्याही बापाला सुचणार नाही.

आपण यात हात घालू शकता, कारण हे नियम नव्याने लिहिता येतात, हे खात्याने दाखवलंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने परताव्याच्या नियमांचा नवा मसुदा लोकांसमोर ठेवला. तिकीट काढल्यापासून ४८ तासांत शुल्क न देता ते बदलता किंवा रद्द करता यावं, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असावी, अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. वैद्यकीय आणीबाणीत प्रवास रद्द करावा लागला तर काय, याचाही विचार त्यात होता. प्रवासी स्वतः रद्द करतो, पण मर्जीने करत नाही, हे तत्त्व खात्याने तिथे मान्य केलंच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी चालते, तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश का चालू नये? त्याच कलमाखाली आणखी एक ओळ बसते.

आमचे पैसे आम्हाला आता नकोत. भाचीच्या बाबांनी ते केव्हाच सोडून दिले. ती अजून तिकडेच शिकते आहे आणि तिच्यामागून आमच्या आळीतली आणखी मुलं तिथे गेली आहेत. त्यांच्या घरचे मला विचारतात, जाण्या-येण्याचं एकत्र काढावं की वेगवेगळं? मी वेगवेगळं काढा म्हणते, जरा महाग पडलं तरी. हा सल्ला मला आवडत नाही, पण तूर्त नियम जसा आहे तसा तो बरोबर आहे.

बंगालच्या उपसागरातला वादळांचा पहिला हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. मुलांच्या उन्हाळी सुट्टीची तिकिटं त्याच्या दोन महिने आधीच निघालेली असतात. जे करायचं ते त्याच्या आत, आणि आधी काढलेल्या तिकिटांनाही लागू होईल असं करावं, ही विनंती.

आपली,
डोंबिवली पूर्वेची एक मावशी